संचाचे तत्त्व आणि सारणीचा व्यवहार : एसक्यूएल भाषेची चिकित्सा

प्रस्तावना : एडगर कॉड यांनी १९७० मध्ये आयबीएममध्ये कार्यरत असताना मांडलेल्या संबंधात्मक प्रतिमानाचा पाया संचसिद्धांत हा होता. संबंध म्हणजे संच. म्हणून त्यात एकच ओळ दोनदा येऊ शकत नाही. या प्रतिमानावर आधारित सीक्वेल ही भाषा डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये मांडली. तीच पुढे एसक्यूएल या नावाने रूढ झाली व १९८६ मध्ये अमेरिकेत तिचे प्रमाणीकरण झाले. माहितीची कायमस्वरूपी साठवण आणि तिच्यावरील क्रिया एकाच भाषेत आणणे हे तिचे मोठे यश होय. तथापि ती खऱ्या अर्थाने संचाची भाषा आहे काय, हे तपासणे आवश्यक ठरते.

विवेचन : विद्यार्थ्यांच्या सारणीतून केवळ गावाचा स्तंभ मागितल्यास 'सातारा' हे नाव तेथील जितके विद्यार्थी तितक्या वेळा मिळते. 'डिस्टिंक्ट' हा शब्द मुद्दाम योजल्याशिवाय ही पुनरुक्ती जात नाही. पुनरुक्ती वगळण्यास वेळ लागतो, हे समर्थन व्यवहार्य आहे. परंतु त्यायोगे यंत्राच्या सोयीसाठी संचाचा मूळ नियमच ऐच्छिक ठरला.

'नल' या रिक्त मूल्याचा परिणाम अधिक गंभीर आहे. शुल्क न भरलेल्यांची यादी 'नॉट इन' वापरून काढताना शुल्कनोंदींत एक जरी विद्यार्थी क्रमांक रिक्त असला, तर यादीत एकही नाव येत नाही. रिक्त मूल्याशी केलेली तुलना खरी वा खोटी न ठरता 'अज्ञात' ठरते, हे त्याचे कारण होय. चूक झाल्याची सूचनाही मिळत नाही. सर्वांनी शुल्क भरले, असाच समज होतो. अर्थात हा दोष एकट्या एसक्यूएलचा नव्हे. कॉड यांनी स्वतः १९७९ मध्ये त्रिमूल्यी तर्काचा पुरस्कार केला होता.

याला पर्याय नव्हता असे नाही. योआखिम श्मिट यांच्या पास्कल-आर भाषेने १९७७ मध्येच संबंध हा कळयुक्त संच मानला होता. ख्रिस डेट व ह्यू डार्वेन यांनी १९९५ मध्ये पुनरुक्ती व रिक्त मूल्य या दोहोंना ठाम नकार दिला.

निष्कर्ष : एसक्यूएलची उपयुक्तता निर्विवाद आहे, मात्र तिला 'संचाधिष्ठित' म्हणून अध्यापन थांबविणे अपुरे होय. संचाचे नियम कोठे पाळले जातात व कोठे मोडतात, हे प्रात्यक्षिकातून दाखविल्यासच विद्यार्थी यंत्राच्या उत्तराची पारख करू शकेल.