दोनशे ग्रॅमचं हेड, पंचेचाळीस इंची शाफ्ट

गोल्फच्या ड्रायव्हरचं हेड लाकडी होतं तेव्हाही ते साधारण २०० ग्रॅमचं असे. आज ते टायटॅनियम आणि कार्बनचं झालं, तरी वजन २०० ग्रॅमच्याच आसपास राहिलं आहे. वाढला तो आकार. पर्सिमनच्या लाकडातून कोरलेलं जुनं हेड पावणेदोनशे-एकशे ऐंशी घनसेंटिमीटरचं असायचं, आजचं ४६० चं असतं. वजन तेवढंच आणि जागा अडीच पट. ड्रायव्हरचं सगळं सौंदर्य मला या एका गोष्टीत दिसतं, आणि पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकणच्या पट्ट्यात ज्यांचं आयुष्य धातूशी बोलण्यात गेलं आहे त्यांना ते इतरांपेक्षा लवकर दिसेल असं मला वाटतं.

हिशोब करून पाहा. ड्रायव्हरमध्ये वापरतात त्या टायटॅनियमच्या मिश्रधातूची घनता साधारण ४.४. म्हणजे २०० ग्रॅम टायटॅनियम हे जेमतेम ४५ घनसेंटिमीटर होतं. उरलेले ४१५ घनसेंटिमीटर म्हणजे पोकळी. हेड गोल आहे असं धरलं, तर भिंतीची सरासरी जाडी दीड मिलिमीटर निघते. पण फेसला, म्हणजे चेंडू ज्यावर आदळतो त्या पृष्ठाला, तीन-साडेतीन मिलिमीटर तर लागतातच. मग वरच्या क्राउनला उरतो अर्धा मिलिमीटर. मेणाच्या नमुन्यावरून केलेल्या साच्यात ओतलेलं अर्ध्या मिलिमीटरचं टायटॅनियम! ज्याने फाउंड्रीत पातळ भिंतीच्या जॉबचं रिजेक्शन पाहिलं आहे, त्याने हे हेड हातात घेऊन बोटाने नुसतं टिचकावून पाहावं. किमतीबद्दलची तक्रार तिथेच निम्मी होते.

हाच हिशोब पोलादाला लावला की इतिहास उलगडतो. एली कॅलवे यांच्या कंपनीने १९९१ मध्ये ‘बिग बर्था’ आणला तेव्हा १९० घनसेंटिमीटरचं ते पोलादी हेड लोकांना अवाढव्य वाटलं होतं. पोलादाची घनता ७.८. तेवढ्याच वजनात आणि तेवढ्याच सरासरी जाडीत, म्हणजे दीड मिलिमीटरच्या जवळपास, १९० घनसेंटिमीटरच बसतात. पोलाद त्याच्या आसपास अडखळलं, कारण त्याहून बरंच मोठं करायचं तर भिंत फारच पातळ करावी लागली असती. १९९५ चा ‘ग्रेट बिग बर्था’ टायटॅनियममध्ये आला आणि २५० पर्यंत पोचला. तिथून दहा वर्षांच्या आत सगळे ४६० ला भिडले. तिथे नियमांनी त्यांना अडवलं : ४६० घनसेंटिमीटर, वर १० ची सूट, टाचेपासून टोपर्यंत (टाचेसमोरच्या टोकापर्यंत) पाच इंचांहून जास्त नाही, उंची २.८ इंचांच्या आत.

पण मोठं हेड हवंच कशाला? उत्तर फेसच्या मध्यावर नाही, मध्यापासून दोन सेंटिमीटर बाजूला आहे. मध्यावर अचूक बसलेला फटका लाकडी हेडनेही देखणाच जातो. बर्नहार्ड लँगर यांनी १९९३ ची मास्टर्स पर्सिमनच्या ड्रायव्हरने जिंकली होती, तीही आजूबाजूचे खेळाडू धातूकडे वळून झाल्यावर. अडचण आपल्यासारख्यांची आहे. चेंडू टोच्या बाजूला बसला की हेड आपल्या गुरुत्वमध्याभोवती गर्रकन फिरतं आणि चेंडूला द्यायची ऊर्जा त्या फिरण्यात खर्च करतं. फ्लायव्हीलचं वजन कडेला का ठेवतात हे ज्याला माहीत आहे, त्याला पुढचं सांगायची गरज नाही. तेच २०० ग्रॅम गुरुत्वमध्यापासून जितके लांब मांडाल तितकं हेड फिरायला नाखूश. या नाखुशीचा, म्हणजे जडत्व आघूर्णाचा, नियमातला कमाल आकडा ५९०० ग्रॅम वर्ग सेंटिमीटर आहे आणि आजची सर्वांत क्षमाशील हेडं त्याच्या काठाशी येऊन उभी आहेत. २०२४ च्या सुरुवातीला आलेल्या पिंगच्या ‘जी ४३० मॅक्स टेन-के’ या ड्रायव्हरच्या नावातला दहा हजारांचा आकडा आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही दिशांच्या आघूर्णांची बेरीज सांगतो.

दोन सेंटिमीटर चुकलेल्या फटक्याचं गणित मी मांडून पाहिलं. आघूर्ण ५९०० असेल तर चेंडूचा वेग सुमारे अडीच टक्के कमी होतो. लहान हेडसाठी तो २००० धरला तर सात टक्के. चेंडू ताशी सव्वादोनशे किलोमीटरने सुटणार असेल, तर मोठ्या हेडने साडेपाच किलोमीटर गमावले आणि लहानाने पंधरा. मोठ्या हेडने खेळाडूला दिलेली खरी देणगी ही आहे. मधल्या फटक्याची कमाल नियमाने आधीच बांधून टाकलेली आहे. फेस किती उसळी देऊ शकतो यालाही मर्यादा असल्यामुळे चेंडूचा वेग हेडच्या वेगाच्या साधारण दीडपटीपलीकडे कोणत्याही ड्रायव्हरने जात नाही.

आता शाफ्ट. लाकडी हेडांच्या काळात पोलादी शाफ्टचा ड्रायव्हर ४३ इंचांचा असे. ग्रॅफाइट आला, शाफ्टचं वजन निम्म्यावर आलं आणि लांबी वाढत गेली. आज दुकानातून उचललेला ड्रायव्हर साडेपंचेचाळीस ते पावणेसेहेचाळीस इंच भरतो. कारण उघड आहे. दुकानातल्या पडद्यावर लांबचा एकच फटका पुरतो आणि गिऱ्हाईक त्या एका फटक्यावर भाळतं. स्पर्धा खेळून पोट भरणारे खेळाडू मात्र सरासरीने त्याहून आखूड शाफ्ट वापरतात. हे मला फार बोलकं वाटतं. ज्यांचा झोका हजारदा तोच पडतो त्यांनाही तो शेवटचा इंच नको आहे, आणि तोच इंच आपल्याला विकला जातो.

अपवाद आहेत आणि ते देखणे आहेत. फिल मिकेल्सन यांनी २०२१ मध्ये वयाच्या पन्नाशीत पीजीए चॅम्पियनशिप जिंकली, ती जवळजवळ ४८ इंचांच्या ड्रायव्हरने. तेव्हा नियमाची मर्यादाच ४८ होती. १ जानेवारी २०२२ पासून व्यावसायिक स्पर्धांना ती ४६ वर आणायची मुभा मिळाली आणि मोठ्या टूर्सनी ती घेतली. ही लांबी मोजायची कशी, हेही वाचण्यासारखं आहे. क्लब सपाट पृष्ठावर टेकवायचा, सोलला, म्हणजे हेडच्या तळाला, ६० अंशांच्या कोनातलं प्रतल भिडवायचं, आणि ते प्रतल जमिनीला जिथे छेदतं तिथपासून ग्रिपच्या टोकापर्यंत माप घ्यायचं. मेट्रॉलॉजीच्या खोलीत काम केलेल्या कुणालाही यातला नेटकेपणा आवडेल. डेटम ठरल्याशिवाय माप नाही. दोन दुकानांतले दोन ‘पंचेचाळीस’ एकमेकांशी जुळत नाहीत, त्याचं कारणही बहुधा इथेच सापडतं.

लांब शाफ्टने हेडचा वेग वाढतो यात शंका नाही. पण किती? फिरण्याच्या त्रिज्येत शाफ्टबरोबर हातही आहेत, त्यामुळे इंचभर लांबी वाढल्याने हेडला ताशी दोन किलोमीटरच्या आसपास मिळतात आणि चेंडूला तीन. तेही झोका तसाच राहिला तर. आता वरचं गणित पुन्हा घ्या. मध्यापासून दोन सेंटिमीटरवरचा फटका साडेपाच किलोमीटर खातो. एक सेंटिमीटरवरचा दीडच. चूक निम्मी झाली की नुकसान चौथाईवर येतं, कारण ते अंतराच्या वर्गाने वाढतं. म्हणजे इंचभर आखूड शाफ्टने तुमचे ठसे मध्याकडे निम्म्याने सरकले, तर गमावले तीन आणि कमावले चार. शिवाय चेंडू सरळ गेला तो फायदा वेगळाच. फेस एक अंशाने उघडा राहिला तर २२० मीटरवर चेंडू जवळजवळ चार मीटर बाजूला पडतो, आणि हवेतलं वळण त्यात अजून धरलेलं नाही.

म्हणूनच हेडचा आकार आणि शाफ्टची लांबी या दोन गोष्टी वेगवेगळ्या जोखता येतात असं मला वाटत नाही. इतिहासातही त्या हातात हात घालूनच वाढल्या. हेडने चुका पोटात घालायला सुरुवात केली, म्हणून शाफ्टला लांब होण्याची हिंमत आली. निर्मात्यांनी मोठ्या हेडची कमाई लांब शाफ्टवर उधळली. ती उधळपट्टी थांबवून, ४६० चं हेड साडेचव्वेचाळीस किंवा चव्वेचाळीस इंचांच्या शाफ्टवर बसवलं, की जो ड्रायव्हर तयार होतो तो मला सगळ्यांत पूर्ण वाटतो. अवाढव्य हेड थोडं जवळ, नजरेच्या टप्प्यात येतं. हात आणि चेंडू यांतलं अंतर ओळखीचं होतं.

फक्त तो नुसता करवतीने कापून होत नाही. तोल बघायचा तराजू ग्रिपच्या टोकापासून १४ इंचांवर टेकू धरतो. अर्धा इंच लांबी कमी झाली की त्या तराजूवर तीन अंक उतरतात, आणि एक अंक परत मिळवायला हेडवर साधारण दोन ग्रॅम लागतात. इंच कापलात तर १२ ग्रॅम परत द्या, नाहीतर हातात काठी धरल्यासारखं वाटेल आणि हेड कुठे आहे ते कळणार नाही. शिशाची पट्टी सोलवर मागच्या बाजूला लावली तर क्षमा वाढते. पुढे, फेसजवळ लावली तर फिरकी कमी होते. दोन्ही करून बघण्यासारखं आहे आणि खर्च चहापाण्याचा.

आणि लहान हेड? ते अजून मेलेलं नाही, आणि त्याचं कौतुक केल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. टेलरमेडने २०२१ मध्ये ‘३०० मिनी’ काढला : ३०७ घनसेंटिमीटर, पावणेचव्वेचाळीस इंच. दोन वर्षांनी आलेला ‘बर्नर मिनी’ ३०४ चा. हे हेड चेंडूमागे टेकवलं की पहिल्यांदा जाणवते ती त्याची कड. मोठ्या हेडची कड दूर मागे कुठेतरी संपते, याची इथेच, चेंडूला लागून. फेस कुठे बघतोय ते डोळ्यांना लगेच पटतं. गुरुत्वमध्य शाफ्टच्या रेषेजवळ असल्याने मनगटांनी फेस मिटवायला हेड चटकन तयार होतं. ज्यांचा चेंडू कायम उजवीकडे वळतो त्यांना हा फरक सरावाच्या चेंडूंच्या पहिल्याच बादलीत कळतो. टी खाली ठेवता येते, गरज पडली तर फेअरवेवरूनही मारता येतो. आवाजही वेगळा. जुनं लाकूड ‘टक्’ म्हणायचं आणि मारलेल्याला हातात कुठे लागला ते नेमकं कळायचं. पातळ टायटॅनियम सगळ्याच फटक्यांना जवळपास सारखं ‘टण्’ वाजवतं. मिनी या दोघांच्या मध्ये आहे. त्यात क्षमा कमी आणि बातमी जास्त. सरावाला मला तो मोठ्या हेडपेक्षा चांगला गुरू वाटतो. स्पर्धेच्या दिवशी मात्र मी मोठं हेडच उचलेन.

कुठे खेळता त्यावरही निवड ठरते, आणि आपल्या भागात हे दोन टोकांचं आहे. पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यातली माणसं खेळायला जातात ती एक तर लवळ्याच्या ऑक्सफर्ड गोल्फ कोर्सवर, नाहीतर येरवड्याला पूना क्लबच्या कोर्सवर. लवळ्याला डोंगराचे चढउतार आहेत. उंचावरच्या टीवरून चेंडू हवेत जास्त वेळ राहतो, वारा त्याच्याशी खेळतो, आणि बाजूची फिरकी थोडीशी असली तरी ती पूर्ण उलगडायला वेळ मिळतो. तिथे मोठ्या हेडचा धीर हवा. येरवडा जुना, झाडांनी बांधलेला. तिथे चेंडू झाडीत गेला की लांबीचा उपयोग उरत नाही, आणि आखूड शाफ्टचा मिनी घेऊन येणारा माणूस दिवसअखेर हसत घरी जाताना दिसतो. पुणेकर उदयन माने यांना टोकियो ऑलिंपिकमध्ये भारतासाठी खेळताना अनेकांनी टीव्हीवर पाहिलं. कासुमिगासेकीचा तो कोर्सही झाडांच्या रांगांमधला होता.

समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवरची आपली हवा थोडी विरळ, त्यामुळे चेंडू मुंबईपेक्षा इथे जरा लांब जातो. ती लांबी फुकटची आहे, शाफ्टकडे पुन्हा मागायची गरज नाही. पावसाळ्यात मात्र जमीन चेंडूला जागेवरच धरते, घरंगळणं संपतं, आणि हवेतून जेवढं जाईल तेवढंच आपलं. तेव्हा साडेनऊ अंशांचा लॉफ्ट, म्हणजे फेसचा कल, मिरवण्यापेक्षा साडेदहा किंवा बाराचा लावावा. हल्लीच्या हेडांत मानेजवळची बाही फिरवून लॉफ्ट एक-दीड अंशाने बदलताही येतो, तेवढ्यासाठी नवं हेड घ्यायला नको.

निवड करण्याआधी फेसवर पायांना लावायच्या पावडरीचा फवारा मारा. डब्यावर नाव कुठलंही असो. मग तुमच्या नेहमीच्या झोक्याने बादलीभर चेंडू मारा आणि ठशांकडे बघा. ठसे टोच्या आणि टाचेच्या अशा दोन्ही बाजूंना विखुरले असतील तर शाफ्ट अर्ध्या-अर्ध्या इंचाने खाली आणत जा. ग्रिपवर हात खाली धरून हे कापण्याआधीच तपासता येतं. सगळे एकाच बाजूला गठ्ठ्याने पडत असतील तर दोष लांबीचा नाही, उभं राहण्याच्या अंतराचा आहे. आणि ठसे रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत मध्यावर बसत असतील, तर पावणेसेहेचाळीसचा ड्रायव्हर आहे तसाच ठेवा, त्याला हात लावू नका.