राजकुमारांचे हेडमास्तर

इंग्रज हेडमास्तरांचीं चरित्रें बहुधा एकाच सांच्यांतून निघतात. रग्बीच्या डॉ. आर्नोल्ड यांचें चरित्र त्यांचे शिष्य स्टॅन्ले यांनीं १८४४ सालीं प्रसिद्ध केलें. धर्मशील गुरु आणि त्याच्या प्रभावानें घडलेले शिष्य हें चित्र तेव्हांपासून रूढ झालें. १९१८ सालीं लिटन स्ट्रॅची यांनीं त्याची यथेच्छ टर उडविली, तरी सांचा कांहीं मोडला नाहीं.

राजकोटच्या राजकुमार कॉलेजचे पहिले प्रिन्सिपॉल चेस्टर मॅकनॉटन यांच्याकडेही वाचक याच दृष्टीनें पाहतो. १८७० पासून १८९६ सालीं मृत्यु येईपर्यंत ते त्या जागीं होते. मोठ्या कुमारांपुढें केलेलीं त्यांचीं नीतिपर भाषणें ‘कॉमन थॉट्स ऑन सीरियस सब्जेक्ट्स’ या नांवानें ग्रंथरूप झालीं. नांवांतील विनय आम्हांस आवडतो. परंतु अशा संग्रहांत बोलणाराचा आवाज तेवढा उरतो. ऐकणाऱ्या मुलांस काय वाटलें, तें त्यांच्या पुढील आयुष्यांतच शोधावें लागतें.

रणजितसिंहांची बॅट सर्वांस दिसली. आम्हां मराठी वाचकांस अधिक मोलाचा वाटतो तो दुसरा शिष्य, कोल्हापूरचे शाहू महाराज. १८८५ पासून सुमारें चार वर्षें ते राजकोटास होते. पुढें १९०१ सालीं त्यांनीं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलें, १९०८ सालीं अस्पृश्य विद्यार्थ्यांकरितां मिस क्लार्क बोर्डिंग निघालें. याचें सारें श्रेय इंग्रज गुरूस देणें हा भाबडेपणा होय. मुळींच न देणें हा हट्ट. एका छपराखालीं राहून, जेवून, शिकून मुलगा कसा बदलतो, हें महाराजांनीं राजकोटास पाहिलें असलें पाहिजे. पण त्या छपराखालीं कोणी यावें? मॅकनॉटन यांच्या दारीं राजघराण्याचा जन्म लागे. तें दार इतरांस उघडण्याची बुद्धि राजकोटच्या व्याख्यानांनीं दिली, असें आम्ही म्हणणार नाहीं. वेदोक्ताच्या अपमानानें तें काम अधिक केलें. कोल्हापुरांतील जैन बोर्डिंगांत राहिलेल्या भाऊराव पाटलांनीं १९२४ सालीं साताऱ्यास सर्व जातींचीं मुलें एकत्र ठेवलीं, तेव्हां ती कल्पना राजकोटापासून फारच दूर आली होती.

आमच्या गोंदिया जिल्ह्यांत नवेगावबांधास नवोदय विद्यालय आहे, देवरी भागांत आदिवासी मुलांच्या आश्रमशाळा आहेत. तापानें फणफणलेल्या मुलाच्या उशाशीं रात्र काढणारा तेथील अधीक्षक राजपुत्र घडवीत नाहीं. म्हणून त्याला स्टॅन्लेही मिळत नाहीं आणि स्ट्रॅचीही.