हौस, श्रम आणि जीर्णोद्धार : एल. टी. सी. रोल्ट यांचे ‘रेल्वे ॲडव्हेंचर’

(१)

यंत्राविषयी बाहेरून लिहिणारे लेखक पुष्कळ असतात; ज्याच्या हाताला यंत्राचे काजळ लागलेले आहे आणि ज्याची लेखणीही तितकीच सराईत आहे, असा लेखक मात्र विरळा. एल. टी. सी. रोल्ट (१९१०–१९७४) हे अशा विरळ लेखकांपैकी होत. स्टोक-ऑन-ट्रेंट येथील केर स्टुअर्ट या इंजिने बांधणाऱ्या कारखान्यात त्यांनी उमेदवारी केली. १९४४ साली ‘नॅरो बोट’ हे इंग्लंडमधील कालव्यांवरील पुस्तक लिहून त्यांनी नाव मिळविले. आणि पुढे ब्रुनेल, टेलफर्ड व स्टीव्हन्सन पितापुत्र यांची चरित्रे लिहून अभियंत्यांच्या चरित्राला वाङ्मयीन प्रतिष्ठा प्राप्त करून दिली. या दोन कालखंडांच्या मधोमध, १९५३ साली, त्यांचे ‘रेल्वे ॲडव्हेंचर’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. वेल्समधील टालिलिन या छोट्या रेल्वेचा ताबा हौशी मंडळींनी घेतला व ती चालू ठेवली, त्याची ही हकीकत होय.

रेल्वेचे अभ्यासक या पुस्तकाकडे एक दस्तऐवज म्हणून पाहतात. जुन्या आगगाड्या स्वयंसेवकांनी चालविण्याची जी चळवळ पुढे जगभर पसरली तिचा आरंभ येथे असल्यामुळे तसे पाहणे योग्यच आहे. तथापि दस्तऐवज म्हणून वाचताना या पुस्तकातील एक मूलगामी प्रश्न दृष्टीआड होतो. पोटासाठी केलेले काम आणि हौसेने केलेले तेच काम, ही दोन्ही एकच असतात काय? आणि नसल्यास, हौसेने टिकविलेली वस्तू तीच राहते काय? रोल्ट या प्रश्नांची तात्त्विक चर्चा करीत नाहीत. ते रूळ, खडी, बॉयलर आणि तिकिटे यांच्याविषयी लिहितात. परंतु प्रश्न त्यातूनच उभा राहतो.

(२)

पुस्तकाचा विचार करण्यापूर्वी त्यामागील वस्तुस्थिती ध्यानात घेणे आवश्यक आहे. ब्रिन एग्लुइस येथील खाणीतून निघणारा पाटीचा दगड, म्हणजे घरांच्या छपरांवर घालावयाची स्लेट, टाविन या समुद्रकाठच्या गावापर्यंत आणण्यासाठी १८६५ च्या सुमारास ही रेल्वे बांधली गेली. तिच्या दोन रुळांतील अंतर अवघे ६८६ मिलिमीटर. नेरळ–माथेरान रेल्वेत हे अंतर ६१० मिलिमीटर आहे, हे सांगितले म्हणजे मराठी वाचकाला या गाडीच्या आकारमानाची कल्पना येईल. व्हाइटहेवन येथील फ्लेचर जेनिंग्ज यांनी बांधलेली ‘टालिलिन’ (१८६४) व ‘डोलगोख’ (१८६६) ही दोन इंजिने एवढाच तिचा संसार होता, आणि त्या दोघांवर तिने ऐंशीहून अधिक वर्षे काढली.

१९११ साली ही खाण व रेल्वे सर हेन्री हेडन जोन्स यांनी विकत घेतली. ते मेरियोनेथचे पार्लमेंटमधील सभासद होते. आपल्या हयातीत रेल्वे बंद पडू देणार नाही, असे त्यांचे वचन होते व ते त्यांनी अक्षरशः पाळले. १९४६ च्या डिसेंबरात खाणीत पडझड होऊन ती बंद झाली. म्हणजे ज्या मालासाठी रेल्वे जन्माला आली तो मालच संपला. तरीही उन्हाळ्यात गाड्या धावतच राहिल्या. १९४८ साली ब्रिटनमधील बहुतेक रेल्वे सरकारच्या मालकीच्या झाल्या, त्यातूनही ही रेल्वे वगळली गेली. २ जुलै १९५० रोजी सर हेडन निवर्तले. त्या वेळी धावू शकणारे इंजिन एकच उरले होते, ते ‘डोलगोख’. ११ ऑक्टोबर १९५० रोजी बर्मिंगहॅममधील इंपीरियल हॉटेलात सभा भरली, रेल्वेच्या रक्षणासाठी संस्था स्थापन झाली आणि १४ मे १९५१ रोजी संस्थेच्या व्यवस्थापनाखालील पहिली गाडी टाविनहून सुटली. व्यवस्थापक होते रोल्ट. १९५१ व १९५२ या दोन उन्हाळ्यांत त्यांनी ही जबाबदारी वाहिली.

(३)

पुस्तकाच्या नावात ‘साहस’ आहे. परंतु साहसकथेच्या अपेक्षेने ते उघडणाऱ्या वाचकाला प्रथम काहीशी निराशाच पदरी येईल. येथे दरोडे नाहीत, शर्यती नाहीत. आहे ते गवत. रुळांखालचे लाकडी स्लीपर कुजून गेलेले, गवताच्या मुळ्यांनी जमीन घट्ट धरलेली, आणि त्या जमिनीच्या आधारावरच रूळ कसेबसे जागेवर राहिलेले. मूळचे लोखंडी रूळ पुष्कळ ठिकाणी तसेच होते. अशा मार्गावरून माणसांनी भरलेली गाडी सुखरूप नेणे आणि परत आणणे, एवढेच येथील साहस. रोल्ट यांच्या निवेदनाचे सामर्थ्य असे की, ही ‘एवढीच’ गोष्ट ते वाचकाच्या काळजाचा ठोका चुकविण्याइतकी तीव्र करतात.

या दृष्टीने कॉरिस रेल्वेच्या इंजिनांची हकीकत पाहण्यासारखी आहे. शेजारची कॉरिस रेल्वे १९४८ साली बंद झाली होती. तिच्याही रुळांतील अंतर तेवढेच असल्यामुळे तिची क्रमांक ३ व ४ ही दोन इंजिने १९५१ साली विकत घेण्यात आली. कागदोपत्री सर्व जुळत होते. परंतु टालिलिनचे रूळ प्रत्यक्षात एकमेकांपासून ठरल्यापेक्षा अधिक दूर होते, आणि नव्या पाहुण्याच्या चाकांची धाव अरुंद होती. त्यामुळे क्रमांक ३ चे इंजिन रुळांवरून सुटून त्यांच्या मध्ये उतरले. जुन्या इंजिनांच्या रुंद धावांनी मार्गाचा जो दोष झाकून ठेवला होता तो या इंजिनाने उघड केला. उत्तम कादंबरीकार एखाद्या परक्या माणसाच्या आगमनाने घरातील झाकलेले सत्य बाहेर आणतो. येथे तेच काम चाकाच्या धावेने केले आहे. प्रसंग घडलेला खरा आहे, रचलेला नाही. परंतु त्याचे महत्त्व ओळखणे व तो योग्य जागी ठेवणे, ही लेखकाची दृष्टीच होय.

याच प्रसंगात हौशी श्रमाचे मर्मही प्रकट होते. ‘हौशी’ या शब्दाला मराठीत, विशेषतः रंगभूमीच्या संदर्भात, दुहेरी अर्थ आहे. हौशी नट पैशासाठी उभा राहत नाही, हा त्याचा गौरव. आणि त्याच्याकडून चूक झाली तर ती पोटात घालावी, ही त्याची सवलत. रोल्ट यांनी वर्णिलेल्या स्वयंसेवकांना पहिला गौरव मिळतो, पण दुसरी सवलत मिळत नाही. प्रवासी तिकीट काढून बसलेला असतो. फायरमन आठवडाभर बँकेत कारकुनी करतो म्हणून बॉयलरमधील वाफेचा दाब त्याला सूट देत नाही. सांधा अर्धवट बसला तर तो कोणी बसविला हे चाक विचारीत नाही. हौसेने सुरू झालेले काम हौसेच्या नियमांनी चालवता येत नाही, हा या पुस्तकाचा गाभा आहे, आणि रोल्ट तो उपदेश न करता केवळ घटनांच्या क्रमातून सिद्ध करतात. दोनच वर्षांनी, १९५५ साली, याच लेखकाने ‘रेड फॉर डेंजर’ हे ब्रिटनमधील रेल्वे अपघातांचा इतिहास सांगणारे पुस्तक लिहावे, हा केवळ योगायोग मानता येत नाही. टाविनमधील दोन उन्हाळ्यांची धास्ती त्या लेखनात झिरपली असावी, असे अनुमान करण्यास जागा आहे.

(४)

टालिलिनच्या घटनेवरून स्फुरलेली आणखी एक कलाकृती त्याच वर्षी प्रकट झाली. टी. ई. बी. क्लार्क यांनी लिहिलेला व चार्ल्स क्रिक्टन यांनी दिग्दर्शित केलेला ‘द टिटफील्ड थंडरबोल्ट’ हा ईलिंग स्टुडिओचा विनोदी चित्रपट १९५३ चाच. सरकारने बंद करावयास काढलेली गावची रेल्वे गावकरी स्वतः चालवू पाहतात. बसवाले घातपात करतात. चालते इंजिन हातचे गेल्यावर गावकरी संग्रहालयात ठेवलेले एक पुरातन इंजिन रात्री बाहेर काढतात आणि त्यावर परीक्षेची गाडी नेतात. गाडी उशिरा पोहोचते, आणि तो उशीरच त्यांच्या पथ्यावर पडतो. कारण वेळेवर पोहोचली असती तर अशा रेल्वेला घालून दिलेली वेगमर्यादा तिने ओलांडली असती. चित्रपटात या इंजिनाची भूमिका १८३८ साली बांधलेल्या ‘लायन’ या खऱ्या इंजिनाने केली.

पुस्तक व चित्रपट यांची तुलना उद्बोधक ठरते. चित्रपट परीक्षेचा निकाल लागताच संपतो. ते त्याच्या जातीला धरूनच आहे. सुखान्तिकेला लग्नानंतरच्या संसाराशी कर्तव्य नसते. रोल्ट यांचे पुस्तक नेमके तेथून सुरू होते. परवानगी मिळाली, पहिली गाडी सुटली. आता उद्याच्या गाडीचे काय, हा त्यांचा विषय. चित्रपटात पुरातन इंजिन संग्रहालयातून निघून एका झेपेत धावू लागते. पुस्तकात एकेका बोल्टाला वाट पाहावी लागते. कॉरिसचे क्रमांक ४ चे इंजिन हन्सलेट कंपनीने विनामूल्य दुरुस्त करून दिले व ते १९५२ साली कामाला लागले. हे इंजिन मुळात केर स्टुअर्टने १९२१ साली बांधलेले. ज्या कारखान्यात रोल्ट यांनी उमेदवारी केली त्याच कारखान्याचे अपत्य त्यांच्या रेल्वेच्या मदतीला आले. एखाद्या कमी प्रतीच्या लेखकाने येथे भावनेचा पूर लोटला असता.

तथापि चित्रपटातील संग्रहालयाचा प्रसंग एक कळीचा मुद्दा सुचवितो. जुनी वस्तू राखण्याचे दोन मार्ग आहेत. एक जतनाचा : वस्तू काचेआड ठेवावी, तिच्या मूळ द्रव्याला धक्का लावू नये. दुसरा मार्ग मराठी मनाला देवळांच्या संबंधात परिचित आहे, तो जीर्णोद्धाराचा. जीर्णोद्धारात दगड बदलतो, कळस नवा येतो. पूजा मात्र खंडित होत नाही. ‘टालिलिन’ इंजिन मोठ्या दुरुस्तीनंतर १९५८ साली पुन्हा धावू लागले. धावणाऱ्या इंजिनाची नळी जळते, धाव झिजते, बॉयलर बदलावा लागतो. आणि प्रत्येक दुरुस्तीत १८६४ चे लोखंड थोडे थोडे कमी होत जाते. जतनाचा पुरस्कर्ता म्हणेल, हा ऱ्हास होय. रोल्ट यांच्या पुस्तकाचे उत्तर असे दिसते की, इंजिनाचे सत्त्व लोखंडात जितके आहे तितकेच ते चालविण्याच्या ज्ञानात आहे. भट्टीत कोळसा कोठे व किती टाकावा, चढावर पाणी किती राखावे, हे ज्ञान काचेआड ठेवता येत नाही. ते एका हातातून दुसऱ्या हातातच जाते. लोखंड झिजवून ज्ञान वाचवावे की ज्ञान सोडून लोखंड वाचवावे, असा हा पेच आहे आणि तो निःशेष सुटणारा नाही. टाविनच्या स्थानकावर आज नॅरो गेज रेल्वेचे संग्रहालय व चालती रेल्वे शेजारी शेजारी आहेत, ही या पेचाची व्यवहाराने दिलेली कबुलीच म्हणावयाची.

(५)

पुस्तकाच्या मर्यादाही नोंदविल्या पाहिजेत. १९४७ सालच्या ‘हाय हॉर्स रायडरलेस’ या ग्रंथात रोल्ट यांनी यंत्रयुगातील एकसाचीपणाविरुद्ध व कारागिरीच्या बाजूने आपली भूमिका मांडली होती. टालिलिन ही त्यांना त्या भूमिकेची साक्षात् मूर्ती वाटली. त्यामुळे या रेल्वेचे जुनेपण त्यांच्या लेखनात कित्येकदा आपोआप सद्गुण बनते. वस्तुतः ही रेल्वे एका खाणीची दासी होती. पाटीचा दगड फोडणे हे धुळीचे, धोक्याचे व कष्टाचे काम; ते करणाऱ्यांना हौस म्हणून कोणी बोलाविले नव्हते. दगड संपल्यावर रेल्वे सुंदर दिसू लागली, यातील विषाद पुस्तकात असावा तितका येत नाही.

दुसरी मर्यादा भाषेची. सभा भरली बर्मिंगहॅममध्ये, स्वयंसेवक आले मुख्यतः इंग्लंडमधून. खोरे मात्र वेल्श भाषेचे. पिढ्यान्‌पिढ्या रुळांवर राबलेल्या स्थानिक माणसांविषयी रोल्ट जिव्हाळ्याने लिहितात यात शंका नाही. पण पुस्तकातील दृष्टी पाहुण्याची आहे. ज्याचे गाव आहे त्याला ही नवी मंडळी कशी दिसली असतील, हे वाचकाला स्वतःच कल्पावे लागते. १९५१ चा इतिहास वेल्श गँगमनने लिहिला असता तर त्याचे नाव ‘साहस’ झाले नसते.

(६)

कोणत्याही कृतीचे मोल तिच्या परिणामांवरून ठरवू नये, हा साहित्यसमीक्षेचा मान्य दंडक आहे. तरीही येथे पुढील इतिहासाकडे पाठ फिरविता येत नाही. कारण हौसेने उभारलेले काम टिकते काय, हा प्रश्न पुस्तकानेच टांगता ठेवला आहे. १९५३ साली त्याचे उत्तर कोणालाच ठाऊक नव्हते. १९५५ साली फेस्टिनिओग रेल्वेवर पुन्हा गाड्या धावू लागल्या, १९६० साली ससेक्समध्ये ब्लूबेल रेल्वे सुरू झाली. १९६८ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश रेल्वेने मुख्य मार्गांवरील वाफेची नियमित वाहतूक संपविली, तेव्हा ती विद्या जाणणारे हात हौशी रेल्वेंवर तयार होते. टालिलिनच्या मंडळींनी जुन्या खनिज मार्गावर रूळ घालून १९७६ साली आपली रेल्वे नांट ग्वेर्नोलपर्यंत वाढविली, आणि २०२१ साली वायव्य वेल्सच्या स्लेट प्रदेशाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला त्यात या रेल्वेचाही समावेश झाला. तेथे खाण आणि रेल्वे एकाच नोंदीत आल्या. पुस्तकाने मागे ठेवलेला खाणकामगार अशा रीतीने निदान नोंदीत तरी पुढे आला.

भारतात चित्र वेगळे आहे. दिल्लीचे राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय १९७७ साली उघडले. दार्जिलिंगच्या रेल्वेला १९९९ साली जागतिक वारशाचा मान मिळाला. माथेरानची १९०७ सालची रेल्वे आजही आहे. परंतु या रेल्वे चालविणे हे रेल्वे खात्याचे, म्हणजे पगारी नोकरांचे काम आहे. येथे ‘रेल्वे ॲडव्हेंचर’सारखे पुस्तक लिहिले गेलेच तर त्याचा नायक स्वयंसेवक नसून फिटर असेल. ते पुस्तक अद्याप लिहिले जावयाचे आहे, आणि रोल्ट यांच्या पुस्तकात जी उणीव राहिली ती भरून काढण्याची संधी त्याला असेल.

‘रेल्वे ॲडव्हेंचर’ची खरी योग्यता या सर्वांहून साध्या गोष्टीत आहे. प्रेम ही भावना आहे, पण देखभाल ही रोजची कृती आहे, आणि पहिलीचे दुसरीत रूपांतर झाल्यावाचून जुनी वस्तू वाचत नाही, हे त्याने दाखविले. वस्तूंविषयी हळहळ व्यक्त करणारे वाङ्मय विपुल असते. हळहळ बाजूला ठेवून खडी भरावयास घेणारे वाङ्मय दुर्मिळ असते. रोल्ट यांचे पुस्तक या दुसऱ्या जातीचे आहे, आणि म्हणूनच दोष मान्य करूनही त्याचे स्थान अढळ राहते.