भावी शिक्षकांचे गणित आणि गणिताची भाषा

प्राथमिक शिक्षक होऊ इच्छिणाऱ्यांना महाविद्यालयात कोणते गणित शिकवावे, याचा विचार करताना लिपिंग मा यांचा ‘नोइंग अँड टीचिंग एलिमेंटरी मॅथेमॅटिक्स’ (१९९९) हा ग्रंथ वगळता येत नाही. २३ अमेरिकी व ७२ चिनी शिक्षकांच्या मुलाखतींवर तो आधारलेला आहे. पावणेदोनला अर्ध्याने भागण्याचे उदाहरण अमेरिकी शिक्षकांपैकी केवळ ९ जणांनी पूर्णतः बरोबर सोडविले. चिनी शिक्षकांनी सर्वांनीच सोडविले. वस्तुतः औपचारिक शिक्षणाची वर्षे अमेरिकी शिक्षकांचीच अधिक होती. तेव्हा अभ्यासक्रमात उच्च गणिताची भर घातल्याने हे उणेपण भरून निघेल, असे मानणे युक्त नव्हे.

ग्रंथाचे मर्म वजाबाकीच्या विवेचनात आहे. अमेरिकी शिक्षक ‘उसने घेणे’ म्हणतात, बहुसंख्य चिनी शिक्षक ‘दशक सुटा करणे’. उसने घेतलेले परत करावे लागते. येथे काहीच परत होत नाही, एका दशकाचे दहा एकक होतात. लेखिकेने हा शब्दभेद अचूक टिपला आहे. परंतु विद्यार्थ्यांची परीक्षा या अभ्यासात नसल्यामुळे, शब्दाचा बालकाच्या आकलनावर होणारा परिणाम अनिर्णीतच राहतो.

मराठी अध्यापक विद्यालयांना हा प्रश्न विशेष जवळचा आहे. ‘एकोणतीस’मध्ये तीस ऐकू येतात, लिहावयाचे असतात २ आणि ९. ‘हातचा’ हा शब्द तर बेरीज व वजाबाकी या परस्परविरुद्ध क्रियांत सारखाच वापरला जातो. अशा शब्दांच्या चिकित्सेस भावी शिक्षकांच्या गणितात स्थान मिळाले पाहिजे. एरवी त्यांच्या हाती केवळ रीतच राहील.