कऱ्हाडचे व्यासपीठ आणि जबलपूरचा खटला

आणीबाणी आणि मराठी साहित्य हा विषय निघाला की आपली गाडी पहिल्यांदा कऱ्हाडला थांबते, आणि बहुधा तिथेच मुक्काम करते. १९७५चे ते ५१वे साहित्य संमेलन. स्वागताध्यक्ष केंद्रातील मंत्री यशवंतराव चव्हाण, अध्यक्ष दुर्गा भागवत. इंदुरात जन्मलेल्या आणि आयुष्यभर ग्रंथालयात रमलेल्या या विदुषीने आजारी जयप्रकाशांसाठी प्रार्थना करण्याचे आवाहन भर संमेलनात केले. पुढे १९७६मध्ये त्यांना अटक झाली.

हा प्रसंग आपण इतक्यांदा लिहिला आहे की त्याची आता आरती झाली आहे. दुर्गाबाईंच्या धैर्याविषयी दुमत नाही. पण आपल्या समीक्षकांनी एक साधा प्रश्न विचारायला हवा होता. कऱ्हाडला मोकळ्या राहिलेल्या बाई पुढे तुरुंगात का गेल्या? मधल्या काळात त्यांचे मत बदलले नव्हते. तेव्हा सरकारने त्यांना पकडले नाही आणि नंतर पकडले, एवढेच. म्हणजे कऱ्हाडचे ते स्वातंत्र्यही सरकारच्या मर्जीचेच होते!

ही मर्जी किती अमर्याद होती हे २८ एप्रिल १९७६ रोजी कळले. जबलपूरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाचांपैकी चार न्यायमूर्तींनी असा निर्णय दिला की, आणीबाणीत जगण्याचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क बजावता येत नसल्याने स्थानबद्धाला न्यायालयात दाद मागता येणार नाही. नऊ उच्च न्यायालयांचा कौल याच्या उलट होता. सुनावणीत न्या. हंसराज खन्ना यांनी विचारले होते, पोलिसाने वैयक्तिक वैरातून एखाद्याला ठार मारले तर? महान्यायवादी निरेन डे यांचे उत्तर होते, आणीबाणी असेपर्यंत त्यावरही उपाय नाही. कोणत्याही नाटककाराने हेवा करावा असा हा संवाद आहे. आपण मात्र तो कायद्याच्या पुस्तकांतच राहू दिला.

खन्नांनी एकट्याने विरोधी मत लिहिले. १९७७मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलून सरन्यायाधीशपद दुसऱ्यास दिले गेले आणि त्यांनी राजीनामा दिला.

आपल्या दुभाषी भागाला तर याची दुसरी बाजूही ठाऊक असायला हवी. ‘संस्कार’ या कन्नड चित्रपटातील चंद्री, स्नेहलता रेड्डी, बेंगळुरूच्या तुरुंगात दम्याने खंगल्या. सुटल्यानंतर थोड्याच दिवसांत, जानेवारी १९७७मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्यापाशी ना व्यासपीठ होते, ना श्रोते.

१९७८च्या ४४व्या घटनादुरुस्तीने आणीबाणीतही अनुच्छेद २० व २१ यांची अंमलबजावणी थांबवता येणार नाही अशी तरतूद झाली. वाचायला ती रुक्ष आहे, आपल्या गौरवग्रंथांत ती बसत नाही. पण दुर्गाबाईंसारखी माणसे शतकात एखाददुसरी निपजतात. बाकीच्यांना ही रुक्ष ओळच पाठीशी लागते.

त्या चौघांत एक मराठी न्यायमूर्ती होते, यशवंत चंद्रचूड. जबलपूरचा निकाल अखेर ऑगस्ट २०१७मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने रद्द ठरवला. वडिलांचे मत सदोष होते असे त्या वेळी आपल्या निकालपत्रात लिहिणारे धनंजय चंद्रचूड हे त्यांचेच चिरंजीव.