अंध मिल्टन आणि त्याचें महाकाव्य

वक्तृत्वस्पर्धेच्या सुमारास दरवर्षीं एखादा तरी विद्यार्थी मजकडे येतो व 'आपत्ति ही प्रतिभेची जननी' या विषयासाठीं उदाहरणें मागतो. पहिलें नांव अर्थातच मिल्टनचें निघतें. मीही पुष्कळ वर्षें तें निःशंकपणें सुचवीत आलों. अलीकडे 'पॅरडाइज लॉस्ट' पुन्हा वाचतांना मात्र मला या समजुतीविषयीं शंका येऊं लागली आहे.

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. १६४९ सालीं मिल्टन इंग्लंडच्या प्रजासत्ताक सरकारचा परराष्ट्रीय पत्रव्यवहाराचा चिटणीस झाला. या सरकारच्या समर्थनार्थ लॅटिन ग्रंथ लिहावयास तो बसला, तेव्हां एक डोळा जवळजवळ गेलेलाच होता. लिहाल तर दुसराही जाईल, ही वैद्यांची ताकीद न मानतां त्यानें तो लिहिला. १६५१ मध्यें ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि पुढल्याच वर्षीं पूर्ण अंधत्व आलें. त्याच वर्षीं पत्नी बाळंतपणांत वारली व मागोमाग एकुलता मुलगा गेला. १६५८ मध्यें दुसरी पत्नी आणि तिचें तान्हें मूल. १६६० मध्यें राजसत्ता परत आली; त्याचे ग्रंथ जाहीरपणें जाळण्यांत आले व कांहीं काळ तुरुंगवासही घडला.

या आपत्तींतून काव्य जन्मलें म्हणावें, तर त्या विषयावरील नाटकाचे आराखडे १६४० च्या सुमारासच, दृष्टि शाबूत असतांना, त्यानें वहींत टिपून ठेवलेले आहेत. बीज जुनेंच. आपत्तीनें त्याचें सार्वजनिक कार्य हिरावून घेतलें. उरली ती स्मरणशक्ति आणि कान. या दोहोंचा ठसा काव्याच्या वाक्यरचनेवर मला दिसतो. क्रियापद दूर ढकलून, उपवाक्यामागून उपवाक्य घेऊनही तोल न सोडणारें तें दीर्घ वाक्य प्रथम मनांत रचलेलें आणि मग लेखनिकास सांगितलेलें आहे. मिल्टनची प्रतिभा डोळ्याची नाहीं, कानाची आहे, असा आक्षेप एलियटनें १९३६ मध्यें घेतला. निरीक्षण मान्य, पण त्याला उणीव कां म्हणावें, हें मला उमगलें नाहीं. नरकाचा अंधार वर्णन करणाऱ्या कवीनें त्याचा नकाशा थोडाच काढून द्यावयाचा असतो!

तिसऱ्या सर्गाच्या आरंभीं तो प्रकाशालाच आवाहन करतो. ऋतु फिरून येतात, आपला दिवस मात्र येत नाहीं, हें दुःख तेथें उघडें मांडलेलें आहे. पुढें तो अंतःप्रकाश मागतो खरा. पण तें मागणेंच आहे, मिळाल्याचा निर्वाळा नव्हे. आपल्याकडे अंध विद्वानाला 'प्रज्ञाचक्षु' म्हणून आपण चटकन् मोकळे होतों. मिल्टन स्वतःला इतक्या स्वस्तांत सोडीत नाहीं.

दहा हजारांहून अधिक ओळींचें हें काव्य १६६७ सालीं निघालें. प्रकाशकानें प्रथम पांच पौंड दिले. दुसरी किंमत घरांत मोजली गेली. धाकट्या दोघी मुलींना ग्रीक, लॅटिन, हिब्रू ग्रंथ अर्थ न कळतां बापाला वाचून दाखवावे लागत. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदु वाढूं लागल्यापासून संध्याकाळीं माझी मुलगी मला वाचून दाखविते. ती थकली कीं आवाजावरून कळतें, आणि मी पुस्तक मिटावयास सांगतों. मिल्टननें तें कितीदां सांगितलें असेल? पुढें मुलींची नाराजी लपेना, तेव्हां त्यांना भरतकाम शिकावयास बाहेर पाठविण्यांत आलें. त्यांतली डेबोरा बरीच जगली. म्हातारपणीं तिला कोणी भेटावयास गेलें, तर होमर व ओव्हिड यांच्या आरंभींच्या ओळी ती तोंडपाठ म्हणून दाखवीत असे.