हार्ड डिस्कची इमेज: जुन्या संगणकावर प्रोग्रॅमिंग करताना तिच्यावर किती भिस्त ठेवायची?

आजचा विषय ऐकायला छोटा वाटेल. जुन्या संगणकाचा एम्युलेटर ज्यांनी कधी चालवला आहे, त्यांच्याकडे हार्ड डिस्कची एक तरी इमेज फाइल असणार. ती आपण कुठून तरी उतरवून घेतो, एम्युलेटरला जोडतो आणि डॉस सुरू झालं की तिला विसरून जातो. आज तिच्याकडेच जरा कडक नजरेने बघायचं आहे. प्रोग्रॅम लिहिण्यासाठी ही इमेज कितपत चांगलं साधन आहे? ती काय जपते आणि काय गमावते?

आमचं मत आधीच सांगून टाकतो. जुनं यंत्र समजून घ्यायचं असेल तर इमेज हवीच, पण ती शक्यतो स्वतः तयार केलेली असावी. आणि आपण लिहिलेला कोड ठेवायची एकमेव जागा म्हणून ती अगदी वाईट आहे.

आता इमेज म्हणजे काय, तर डिस्कवरचे सगळे सेक्टर पहिल्यापासून शेवटपर्यंत एकामागोमाग लिहून काढलेली एक फाइल. उदाहरण घेऊ. आयबीएमचा पीसी एक्सटी १९८३ साली आला. त्यात १० मेगाबाइटची हार्ड डिस्क असे. सीगेटची एसटी-४१२ ही त्या वर्गातली प्रसिद्ध डिस्क. तिची मांडणी ३०६ सिलिंडर, ४ हेड, दर ट्रॅकला १७ सेक्टर आणि दर सेक्टरमध्ये ५१२ बाइट अशी. गुणाकार केला की १,०६,५३,६९६ बाइट येतात. एम्युलेटरमध्ये हीच मांडणी निवडून साधी इमेज बनवा, फाइलचा आकार बरोबर तेवढाच भरतो. त्यात कुठलीही जादू नाही. पहिल्या ५१२ बाइटांत सुरुवातीचा कोड असतो, ४४६व्या बाइटपासून प्रत्येकी १६ बाइटांच्या चार नोंदींचा पार्टिशनचा तक्ता असतो आणि अगदी शेवटी ५५ व एए ही खूण. हेक्स एडिटर घेऊन बसलात तर अर्ध्या तासात हे सगळं डोळ्यांनी पाहता येतं.

यावर कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? डॉसबॉक्स उघडायचा, एक फोल्डर सी ड्राइव्ह म्हणून माउंट करायचा आणि कामाला लागायचं. खरं आहे. आपल्याकडच्या कितीतरी कॉलेजांत मुलांनी टर्बो सी याच मार्गाने शिकलं. तो निळा पडदा, कंट्रोल आणि एफ-नाइन दाबून प्रोग्रॅम चालवणं, ग्राफिक्सचा प्रोग्रॅम असला की सी ड्राइव्ह, त्यात टीसी, त्यात बीजीआय हा रस्ता घोकून लिहिणं, हे इथल्या अनेकांना आठवत असेल. रस्ता चुकला की ग्राफिक्स सुरूच होत नसे. तो रस्ता तसाच का, हे मात्र क्वचितच कुणी सांगायचं.

फोल्डर माउंट करण्याची सोय नाकारायचं कारण नाही. पण त्या सी ड्राइव्हच्या मागे डिस्क नसते, हे विसरू नका. डॉसबॉक्स डॉसचे कॉल स्वतः पकडतो आणि आपल्या आजच्या फाइल सिस्टिमकडून उत्तर आणून देतो. मोकळी जागा किती, असं प्रोग्रॅमने विचारलं तर ठरवून ठेवलेला आकडा मिळतो. बूट सेक्टर वाचायला जाल तर वाचण्यासारखं तिथे काही नसतं. साधा गणिताचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला याने काही फरक पडत नाही. पण पुसलेली फाइल परत कशी मिळते, फॅटमध्ये क्लस्टरची साखळी कशी असते, हे स्वतः कोड लिहून शिकायचं असेल, तर तो फोल्डर निरुपयोगी आहे. तिथे खरी इमेजच लागते.

मॅकिंटॉशच्या जगात तर इमेजला पर्यायच जवळजवळ नव्हता. जुन्या मॅकवर एका फाइलचे दोन भाग असत, डेटा फोर्क आणि रिसोर्स फोर्क. ६८००० घराण्याच्या प्रोसेसरवर चालणाऱ्या प्रोग्रॅमांचा कोड या दुसऱ्या भागात असे. असा प्रोग्रॅम विंडोजच्या साध्या फोल्डरमध्ये नुसता कॉपी केला की नाव राहतं आणि आतला जीव जातो. इमेजमध्ये अख्खी फाइल सिस्टिमच जशीच्या तशी येते, म्हणून दोन्ही भाग सुखरूप राहतात. इमेजची ही बाजू भक्कम आहे, आणि ती मान्य करूनच पुढची टीका करतो.

पहिली टीका तयार इमेजवर. तयार इमेज म्हणजे कुणीतरी आधीच एफडिस्क चालवलं, फॉरमॅट केलं, डॉस टाकलं, कंपायलर बसवला आणि कॉन्फिग फाइल जुळवली. दहा मिनिटांत काम सुरू होतं, आणि ज्याच्याकडे फ्लॉपी नाहीत त्याच्यावर हे उपकारच आहेत. पण प्रोग्रॅमरच्या दृष्टीने गाळलेल्या त्या पायऱ्या म्हणजेच ते यंत्र होतं. एमएस-डॉस ३.३ मध्ये एक पार्टिशन ३२ मेगाबाइटपलीकडे जात नसे. पुढे बायॉस आणि आयडीई यांच्या मर्यादा एकत्र आल्या, तेव्हा १०२४ सिलिंडर, १६ हेड आणि ६३ सेक्टर अशी चौकट पडली. हिशोब करा, ५२,८४,८२,३०४ बाइट. हीच ती ५०४ मेगाबाइटची भिंत. एवढ्या डिस्कचं एकच फॅट-१६ पार्टिशन केलं तर क्लस्टर ८ किलोबाइटचा होतो, म्हणजे शंभर बाइटांची फाइलसुद्धा ८ किलोबाइट जागा अडवते. स्वतः इमेज बनवणाऱ्याला या भिंती एकेक करून लागतात. तयार इमेज घेणाऱ्याला त्या कुणीतरी आधीच पार करून दिलेल्या असतात, आणि त्या काळचे प्रोग्रॅमर असे विचित्र का वागत होते हे त्याला कळत नाही.

शिवाय तयार इमेजमध्ये काय काय आहे याची यादी सहसा नसते. कुठली आवृत्ती, कुठले ड्रायव्हर, कुणाच्या मालकीचं सॉफ्टवेअर, काहीच माहीत नसतं. स्वतः बनवायची तर आज रस्ते आहेत. फ्रीडॉस मुक्त आहे, आणि टर्बो सी २.०१ तर बोरलँडनेच फुकट उतरवून घ्यायला ठेवलं होतं. एक दुपार जाईल, पण ती वाया जाणार नाही.

दुसरी टीका जरा खोलवरची आहे. इमेज मजकूर जपते, वेळ जपत नाही. एसटी-४१२ मिनिटाला ३६०० फेऱ्या घेई, म्हणजे एक फेरी सुमारे १७ मिलिसेकंदांची. एक्सटीचा कंट्रोलर इतका संथ होता की लागोपाठचे सेक्टर डिस्कवर एकाला लागून एक ठेवत नसत, सहा-सहा घरांच्या अंतराने गुंफत. त्यामुळे एक अख्खा ट्रॅक वाचायला सहा फेऱ्या लागत. म्हणजे फार तर सेकंदाला ८५ किलोबाइट. इमेज फाइलमध्ये ही गुंफण दिसतच नाही. तिथे सेक्टर सरळ रांगेत असतात आणि आजची एसएसडी ते क्षणात हातात देते.

यात बिघडलं काय? बिघडतं ते आपलं मत. १९८३ सालीच टर्बो पास्कल आलं. एडिटर आणि कंपायलर एकाच प्रोग्रॅममध्ये, ४० किलोबाइटच्या आत, आणि कंपायल केलेला कोड थेट मेमरीत. आज वेगवान इमेजवर ते चालवलं तर 'बरं आहे' एवढंच वाटेल. एडिटर वेगळा, कंपायलर वेगळा, लिंकर वेगळा आणि प्रत्येक पायरीला डिस्कची घरघर, हा अनुभव ज्याने घेतला होता, त्याला त्या ४० किलोबाइटचं मोल कळलं. 'हुबेहूब तसंच चालतं' असं एम्युलेटरबद्दल कुणी म्हणालं की म्हणूनच आम्ही विचारतो, वेळेसकट का?

तिसरी टीका आपल्या सवयीवर. आपण इमेजच्या आत बसून कोड लिहितो आणि तिथेच ठेवतो. आमचंही असंच झालं होतं. एम्युलेटर चालू असताना तीच इमेज बाहेरच्या लिनक्सवरही माउंट केली, दोन्हीकडून लिहिलं. दोघांनी आपापल्या आठवणीतला फॅटचा तक्ता डिस्कवर उतरवला, आणि एका संध्याकाळचं काम साखळी तुटून गेलं. दोष ना डॉसचा, ना लिनक्सचा. डिस्क एकाच मालकाची असते असं दोघंही धरून चालत होते, आणि आम्ही तिला दोन मालक दिले.

यात एक आणखी अडचण आहे. एक ओळ बदलली की फाइलचा सेक्टर बदलतो, डिरेक्टरीतली नोंद बदलते, कधी फॅटही बदलतो. गिटसारख्या साधनाला फक्त एवढंच दिसतं की ५०० मेगाबाइटची एक फाइल बदलली. कुठली ओळ, का बदलली, काही नाही. दहा वर्षांनी तुमचा कोड वाचणाऱ्याला आधी तुमचा अख्खा संगणक चालू करावा लागेल.

मग करायचं काय? मूळ कोड बाहेर, साध्या मजकुराच्या फाइलींत आणि गिटमध्ये ठेवा. इमेज छोटी ठेवा, ती कशी बनवली ते पायरीपायरीने लिहून ठेवा आणि मूळ प्रतीला हात लावू नका. एम्युलेटर बंद असताना एमटूल्सने फाइली आत टाका. ६३ सेक्टरच्या नेहमीच्या मांडणीत पहिलं पार्टिशन ६३ गुणिले ५१२, म्हणजे ३२,२५६व्या बाइटपासून सुरू होतं, तेवढा आकडा एमटूल्सला सांगावा लागतो. ओळींच्या शेवटाची खूण डॉसला वेगळी लागते, तेवढी सांभाळा. मग एम्युलेटर चालू करा, आत कंपायल करा, बंद करा आणि निकाल बाहेर काढा. क्यूएमूमध्ये मूळ इमेज तशीच ठेवून बदल वेगळ्या फाइलमध्ये साठवायची सोय आहे. बिघडलं तर ती वरची फाइल फेकायची, खालचा संगणक कोरा करकरीत राहतो.

थोडक्यात सांगायचं तर इमेजला कार्यशाळा समजा, तिजोरी समजू नका. कार्यशाळा स्वतःच्या हाताने मांडली की कुठलं हत्यार कुठे आणि का ठेवलं, हे कळतं. पण दिवसभर तयार केलेला माल संध्याकाळी बाहेर आणायचा असतो. आज घरी गेल्यावर एवढंच करा: तुमच्याकडच्या इमेजमध्ये तुमचा स्वतःचा असा कुठला कोड अडकून पडला आहे का ते बघा. असेल तर आजच बाहेर काढा.

आता प्रश्न घेऊ.